बॅच नंबर

डॉक्टर तांबोळी म्हणाल्या होत्या, घरत काका,
घरात जे जे घेता ते सगळं घेऊन या.
मी पिशवीच उपडी केली टेबलावर.
कॅल्शियम, मुलीनं आणलेलं.
मल्टिव्हिटॅमिन, जावयाला दिवाळीत कंपनीनं दिलेलं.
अश्वगंधा, मागच्या विंगेतल्या दळवींच्या आग्रहाखातर.
गुळवेलीचा रस, शेवाळी, अर्धी बाटली.
आणि एक डबी, जिचं लेबल
सुमन गेल्यापासून कुणी वाचलेलं नाही.

त्या एकेक उचलून बघत होत्या.
मी सवयीनं प्रत्येक पट्टी उलटवून
आधी बॅच नंबर.

एकतीस वर्षं. ठाणे-बेलापूर रोड, रबाळ्याचा स्टॉप, पॅकिंग खातं.
बी-कॉम्प्लेक्सचा वास असा
की बसमध्ये शेजारचा उठून उभा राहायचा.
बनियन पिवळं, नखं पिवळी.
गेटवरचे म्हणायचे, आला हळदीचा नवरदेव.
हळद काही उतरलीच नाही.
थायमिन, रायबोफ्लेविन, नियासिन,
मुलीला पाढ्यांच्या आधी हे पाठ झालं.

लोहाच्या गोळ्यांची लाइन बायकांची.
लाल गोळी, वर साखरेचा मुलामा,
ठसठशीत कुंकवाएवढी.
द्रौपदा मढवी मिनिटाला किती मोजायची
ते सुपरवायझरच्या घड्याळालाही धरता आलं नाही.
तिच्या डब्यात तांदळाची भाकर, मूठभर जवळा,
त्यातला अर्धा माझ्या डब्यात.
एकदा पाळी सुटताना जिन्यातच बसली.
म्हणाली, पायऱ्या वाढवल्यान काय रं?
रक्त तपासलं. सहा पूर्णांक आठ.
लाखो गोळ्या गेल्या तिच्या बोटांखालून,
बोटांच्या आत एकही नाही.

कामगार दवाखान्यातून औषध मिळालं.
कागदी पुडी, पुडीत आमचीच पट्टी.
मी नंबर वाचला: मंगळवार, दुसरी पाळी.
तिनंच भरलेली.
कॅन्टीनच्या बाकावर दोघं पोट धरून हसलो
आणि तिनं ती गिळली चहाबरोबर.
कडक, उकळलेल्या चहाबरोबर,
रोज, वर्षभर.

लोह चहासोबत घ्यायचं नाही हं,
डॉक्टर आज सहज म्हणाल्या, पेनाचं टोपण शोधता शोधता,
चहा ते अंगाला लागू देत नाही.

पट्टीवर नाव होतं. किंमत होती. तारीख होती.
थंड व कोरड्या जागी ठेवा, असं होतं.

मग त्यांनी ढीग केले.
गुळवेल बंद, यकृताचा आकडा चढलाय.
म्हटलं, झाडपाल्याचं आहे हो ते.
म्हणाल्या, धोतरासुद्धा झाडपालाच असतो, काका.
दळवींना आता लिफ्टमध्ये काय सांगू?
मल्टिव्हिटॅमिन कशाला, जेवता ना नीट?
जास्तीचं निघून जातं लघवीतून.
तो पिवळा मला ठाऊक आहे.
बी-बाराची सुया, आठवड्याला एक.
डी तर नऊच निघालं;
त्याची पुडी रविवारी दुधातून,
आणि अकराच्या सुमाराला बाह्या दुमडून उन्हात बसा.

सुमनची डबी त्यांनी शेवटी घेतली.
तारीख वाचली, झाकण घट्ट केलं
आणि माझ्याकडे सरकवली.
ही घेऊ नका, म्हणाल्या. ठेवा फक्त.

आता मी रबाळ्याच्या त्याच स्टॉपवर बसतो.
घराजवळ बाग आहे, पण तिथे दळवी असतात.
समोर आमचा कारखाना होता तिथे
निळ्या काचांची चौदा मजली इमारत,
आत ट्यूबलाइटखाली पोरं, माझ्या नातवाच्या वयाची.
त्यांचं डी कधी कुणी मोजलं असेल का.
अकरा वाजता सूर्य इमारतीच्या पाठीमागे असतो.
पलीकडच्या दुसऱ्या काचेवर आपटून
ऊन माझ्या हातांवर येतं, किंचित हिरवट.
हे चालतं का,
विचारायचं राहिलं.