कडा

कादराबादेतल्या गफूरभाई बाइंडरनं पुस्तक आधी हुंगलं.
"डिंक बाभळीचा. घरीच शिवलेलं दिसतंय.
कडा काटून देऊ का? मशीनवर एका दणक्यात
साफ होऊन जाईल सगळं."

तळहाताएवढं पुस्तक.
हुल्दामावशीच्या एप्रनच्या खिशात मावावं
म्हणून त्या मापाचं. थर्मामीटर, कात्री, आणि हे.

मिशन दवाखान्यातल्या कुण्या परदेशी मेट्रननं
जाताना तिला एक जुनं कॅलेंडर दिलं होतं:
कधीच्या काळी, कुठल्याशा थंड मुलखात
एकेकट्या बायकांना प्रार्थना करता यावी
म्हणून रंगवलेली पानं, महिन्यामागून महिना, सोन्यात.
नाथानएलमामा सिनेमाचे बोर्ड रंगवायचा,
दहा दहा फुटी डोळे काढणारा हात.
ती त्याला म्हणाली, मला असं एक कर. बारीक.

निळ्यासाठी तिकडे म्हणे दगड कुटायचे.
मामानं धुण्याची नीळ घेतली.
काळी, चिमणीची काजळी.
आणि सोनं म्हणजे मिठाईवाल्याकडचा चांदीचा वर्ख,
त्यावर हळदीच्या पाण्याचा हात.
हळद उन्हात उडते. पुस्तक मिटलेलंच असायचं,
म्हणून देवदूत अजून पिवळे.

कॅलेंडरातले लोक बर्फात पाय शेकत बसलेले;
मामानं त्यांना जोंधळ्याच्या बांधावर आणलं, हुरडा भाजायला.
तिकडे झाडाखाली डुकरं,
इकडे मे महिन्यात, बाभळीच्या शेंगांखाली शेळ्या.
मेंढपाळांवर उजेड पडतो तो माळ घाणेवाडीच्या तलावाकडचा.
समासात गोगलगायीशी लढणारा एक शिलेदार होता,
तो मात्र त्यानं तसाच ठेवला,
फक्त भाल्याच्या जागी सलाईनचा स्टँड दिला.

पाळकसाहेब म्हणाले होते,
देवाशी बोलायला चित्रं कशाला, हुल्दाबाई?
"बोलायला नव्हं, साहेब," ती म्हणाली. "गप बसायला."

मी पानं उलटतो. खालचा उजवा कोपरा
कुठे कुठे कोरा करकरीत.
सकाळची स्तुती जवळजवळ नवी.
तेविसावं स्तोत्र, ते पाठच असणार.
मग रात्रीच्या तीनची प्रार्थना, आणि तिथे अंगठा:
तेलकट, आयोडीननं तांबूस, वर्षानुवर्षं तिथेच टेकलेला,
"आमेन"मधला न त्यात बुडून गेलाय.

पुढच्या पानावर प्रार्थनाच नाही.
गेलेल्यांसाठी आपल्यात प्रार्थना करत नाहीत,
चर्चला न जाणाऱ्या मलाही एवढं ठाऊक आहे.
नुसती वेलबुट्टी, आणि तिच्या पानांआडून
पेन्सिलीनं, मुंगीएवढ्या अक्षरांत:

द्वारका, परतूर, बाळंतपणात.
कॉट नऊचे बाबा. नाव सांगितलं नाही.
महेबूब, बदनापूर, पान लागलं. वय सात.
मुलगी. दोन तास.

वेल संपते तरी नावं संपत नाहीत,
ती सरकत सरकत कागदाच्या अगदी काठावर आलेली.
मशीन पडलं तर पहिली तीच जातील.

गफूरभाई चष्मा कपाळावर ढकलतो,
पान नाकाजवळ नेतो. ओठ हलतात.
"बदनापूर," एवढंच म्हणतो, "माझी सासुरवाडी."
मग: "काटत नाही. सुईनं शिवतो. चार दिवस लागतील."
पैसे विचारले तर मशीनवरची धूळ पुसत बसतो.

मे महिना मामानं शेवटी करायला ठेवला होता.
तोवर त्याचे डोळे गेले.
शेंगांखालच्या एका शेळीचे मागचे पाय रंगवलेले,
बाकी ती पेन्सिलीतच उभी, तोंड वर करून.
त्या कोपऱ्यावरही एक डाग आहे. लहानसा.
वर प्रार्थना नाही, नाव नाही.

गफूरभाईचा नातू विचारतो, हिच्यात रंग भरू?
त्याच्याकडे स्केचपेनचा नवा डबा आहे.
मी म्हणतो, थांब जरा.
आणि मग बराच वेळ
काहीच म्हणत नाही.