बटाट्याची सुट्टी

ऑक्टोबरात आमच्या गावची शाळा दोन आठवडे बंद असते.
अजून तिला बटाट्याची सुट्टी म्हणतात,
जरी आता बटाटे यंत्र काढतं
आणि मुलं घरात बसून विचारतात, आता काय?

माझा मुलगा विचारत नाही.
स्ट्रूअन, वय पाच. तोंडात क नाही.
केकला तेत, कपाला तप,
किटली तर तो नुसती बोटाने दाखवतो.

र्‍होना उत्तर समुद्रात, तेलविहिरीच्या फलाटावर
नव्वद माणसांचं जेवण रांधते.
तीन आठवडे तिकडे, तीन आठवडे घरी.
जाताना फ्रिजवर एक कागद लावून गेली,
उच्चार शिकवणाऱ्या मिसेस अबरक्रॉम्बींचा:
प्रश्न कमी विचारा, गप्पा जास्त मारा.
तो बोलेपर्यंत मनात दहा मोजा.
मुद्दाम चुका.

चुकणं मला जमण्यासारखं होतं.

सोमवारी त्याला सूप वाढलं आणि हातात काटा दिला.
त्याने सुपाकडे पाहिलं. मग माझ्याकडे.
मी मोजत राहिलो. सातवर ओठ हलले.
'चमचा, बाबा.'

मंगळवारी त्याचे बूट मी कुत्रीला घालायला बसलो.
तो हसत हसत जमिनीवर लोळला
आणि वर्षातलं सर्वांत लांब वाक्य बोलला:
'अरे बाबा, हिला तर चार लागतील!'

मग पाऊस. दोन दिवस नुसता पाऊस.
टेबलावर बटाट्यांचं दुकान मांडलं.
नाकवाला बटाटा महाग, डोळे फुटलेला स्वस्त.
तो दुकानदार, मी घासाघीस करणारं गिऱ्हाईक.
तेव्हा माझ्या लक्षात आलं,
जिथे जीभ अडेल तिथे तो आधीच वळसा घालतो.
'हा घे' म्हणतो, 'तो नको' म्हणत नाही.
मान हलवून भागवतो.

हा वळसा माझ्या ओळखीचा.
गॅरेजात चार माणसं जमली
की मी इंजिनात डोकं घालतो.

शुक्रवारी उघडलं. मिल्नच्या शेतात
यंत्राने मागे टाकलेले बटाटे वेचायला गेलो.
बादली अर्धी भरली आणि दोघेही दमून
सरीत उताणे पडलो, पाठीला गार माती.
वरून हंस गेले. आइसलँडहून येतात ते, दर वर्षी,
वेडीवाकडी रांग, एकमेकांवर ओरडत.

आता मी काय करावं?
स्वतःच्या लग्नातसुद्धा न गायलेला माणूस,
घसा फाडून ओरडलो: कांक!

तो माझ्याकडे वळला नाही. आभाळाकडेच बघत होता.
तोंड उघडं, हनुवटी वर,
जीभ आपल्याच वजनाने मागे घरंगळलेली.
'कांक,' तो म्हणाला.

आणि स्वतःच दचकला,
खिशात कुणाचं तरी नाणं सापडावं तसा.

'परत म्हण' हे माझ्या जिभेवर आलेलं मी गिळलं.
दहा मोजायची गरज पडली नाही.
कांक, कांक, केक! कप! कांक!
हंस केव्हाच खाडीवर उतरले होते.

उभा राहिला, तर पुन्हा तेत.
चिखलात आडवा झाला, तर केक.
घरी पोचेपर्यंत सहा वेळा आडवा झाला.
त्याचा कोट अजून धुवायचा आहे.

रात्री र्‍होनाचा फोन आला.
तो स्वयंपाकघराच्या फरशीवर उताणा,
फोन छातीवर, कुत्री त्याचा कान चाटतेय.
'आई. किटली.'
पलीकडे काहीच नाही. फक्त वारा, लोखंड.
मी मोजलं. चौदापर्यंत गेलो.
मग तिचं नाक ओढणं ऐकू आलं,
आणि दूर कुणीतरी ओरडलं, रस्सा उतू जातोय.

काल शाळा उघडली.
बाईंनी दारातच विचारलं, सुट्टीत काय केलंस?
स्ट्रूअनने दप्तर काढलं, नीट भिंतीला टेकवलं
आणि ओल्या बुटांच्या त्या गर्दीत
सरळ जमिनीवर उताणा झाला.

बाई माझ्याकडे बघू लागल्या.
मला समजावून सांगता आलं असतं.
मी गप्प उभा होतो,
पाच,
सहा.