सोळा की अठरा

शनिवारी सकाळी स्क्रँटनच्या हार्डवेअर दुकानात
मी तीन नेलगनसमोर उभा,
आणि कानामागे पेन्सिल खोचलेली डोलोरेस विचारते,
"काय ठोकायचंय?"

जमिनीलगतची पट्टी, म्हणालो. दारांच्या चौकटी.
आणि छताच्या कडेची ती नक्षी,
बायकोनं हट्टानं निवडलेली.

"मग सोळा गेज. किंवा अठरा. तेवीस नको,
तेवीसचा खिळा म्हणजे केस,
गोंद वाळेपर्यंत धरून ठेवतो, एवढंच."
आकडा वाढला की खिळा बारीक,
ती सावकाश समजावू लागली,
बहुतेकांना उलटं वाटतं म्हणून.

मला नाही वाटलं.
इचलकरंजीत आमच्याकडे आकडे असेच चालायचे:
वीसचं सूत जाड, साठचं बारीक,
शंभरचं तर अण्णा उजेडाकडे धरायचे,
दिसतंय का बघ.
"वडील मागावर होते," मी म्हणालो.
तिची आई इथल्याच लेसच्या गिरणीत.
क्षणभर खिळे राहिले बाजूला.

मग पुन्हा कामाचं.
घर जुनं? भिंती वाकड्या?
वाकड्याच. या कोपऱ्यात ठेवलेली गोटी त्या कोपऱ्यात सापडते.
"जाड पट्टीला सोळा, अडीच इंची.
मागच्या लाकडापर्यंत पोचला पाहिजे,
नुसत्या प्लास्टरवर काही टिकत नाही.
नाजूक कडांना अठरा, नाहीतर चिरतात.
आणि कॉम्प्रेसर नको, बॅटरीची घे.
दिवसा कुणी झोपतं का घरात?"
झोपते. रात्रपाळीची नर्स आहे.

अण्णांच्या तिन्ही भाड्याच्या खोल्यांत
खिळा मारायची मनाई.
दर एक तारखेला मालक
भिंतीवरून हात फिरवून बघायचा.
कॅलेंडर खिडकीच्या गजाला सुतळीनं,
आरसा ट्रंकेला टेकून,
अण्णांचा सदरा दाराच्या कडीला.
अख्खा संसार टेकलेला, बांधलेला,
ठोकलेला कुठंच नाही.

सोळाची विकत घेतली.
अठराची भाड्यानं, दोन दिवस.
पावतीमागं डोलोरेसचं अक्षर:
आधी फळकुटावर चालवून बघ.

बघितली. मग पट्टीत पहिला खिळा.
ठप्.
अण्णांच्या मागाच्या एका ठोक्याएवढाही आवाज नाही.
वर पुटी भरली की भोकसुद्धा दिसणार नाही,
असं ती म्हणाली होती.

ते एक भोक मी अजून भरलेलं नाही.
जाता-येता पायाच्या अंगठ्यानं चाचपतो.
बायको म्हणते, डब्यात पुटी वाळून चाललीय.