खिडकी

डॉक्टर फालकांच्या दवाखान्यात नंबर मी लावते.
अॅल्युमिनियमचे बिल्ले, एक ते साठ.
सतरा नंबरचा कधीचा हरवला,
म्हणून सोळानंतर अठरा. कोणी भांडत नाही.

जानेवारीत भांडायला दमच उरत नाही जळगावात.
हायवेचं काम तिसऱ्या वर्षात.
सकाळी टँकर पाणी मारून जातो,
दहापर्यंत रस्ता पुन्हा दादरच्या पिठासारखा.
एमआयडीसीत जुनं प्लास्टिक वितळवून चटया होतात,
लाल-हिरव्या, मोरांच्या.
थंडीत त्यांचा धूर वर जात नाही,
पत्र्यांवर बसून राहतो
सोयऱ्यासारखा, उठायचं नाव नाही.

मला नाकानं कळायचं, कुठला कोणता.
डाळमिलचा कोरडा, टरफलांचा.
ट्रकचा जिभेवर यायचा, नाण्यासारखा.
शिरसोलीकडून वारं असलं तर पऱ्हाट्यांचा,
त्यात कोणीतरी भरताची वांगी भाजत असेल
असं उगाच वाटून तोंडाला पाणी सुटायचं.
आणि चटयांचा.
गोडसर, घशाला चिकटणारा.

बाकावर पोरं गुडघ्याला गुडघा लावून.
रुहान तडवी, सव्वा वर्षाचा,
श्वास घेतो तेव्हा बरगड्यांमध्ये खड्डे पडतात.
शेजारी निधी वारके, शिंकते
आणि कठड्यावरच्या धुळीत बोटानं आगगाडी काढते.
"रातभर खोकलस, दूध बी पेत नही,"
अमळनेरहून आलेली एक माय
मलाच सांगते, मीच डॉक्टर असल्यासारखी.
वाफेचं मशीन एक. मास्क चार.

एकदा चहा पिताना डॉक्टर म्हणाले,
"कुमुदताई, श्वासनळीत बारीक केस असतात,
झाडूवाल्यांसारखे. आलेली घाण वर लोटत राहतात.
काजळी बसली की ते आडवे होतात.
मग व्हायरसला दारात कोणी हटकत नाही."
मी विचारलं, "मग खिडकी उघडी ठेवू की बंद?"
त्यांनी कप खाली ठेवला.
म्हणाले, "पुढचा पाठवा."

बंद केली तर एकाचा खोकला सगळ्यांच्या वाट्याला.
उघडली तर हायवे आत येतो.
अर्धी उघडली तर दोन्ही.
सोमवारी बारा नंबरनं शिंकलं,
गुरुवारी तेरा नंबरची छाती वाजायला लागली.
शेजारी बसले होते.
मीच बसवलं होतं.

रुहानला रात्री सिव्हिलला पाठवलं.
बाविसाचा बिल्ला त्याच्या बापाच्या खिशातच गेला.
आता एकविसानंतर तेवीस.
मागायला फोन करायचा म्हणून
दोनदा नंबर काढला वहीतून.
केला नाही.

मग माझी पाळी.
तीन दिवस ताप, चौथ्या दिवशी कामावर.
घरी कढीपत्ता तेलात टाकला: नुसता आवाज.
स्पिरिटची बाटली नाकाशी धरली: पाणी.
इच्छादेवी चौकात सिग्नलला उभी राहिले,
पुढच्या ट्रकनं तोंडावर काळं सोडलं,
मला काहीच आलं नाही.
हवा इतकी स्वच्छ मी जन्मात पाहिली नव्हती.

पाच आठवडे खिडकी सताड उघडी ठेवली.
माझ्याकडून धूर संपला होता.
फक्त कठडा पुसला की फडकं काळं व्हायचं,
आणि पोरं पूर्वीइतकीच खोकायची,
थोडी जास्तच, पण ते मी मोजलं नाही.

होळीच्या आधी, एका रात्री,
झाडून झाल्यावर बिल्ले दोऱ्यात ओवत होते.
एकदम काहीतरी आलं.
आधी वाटलं, आठवण.
मग ओळखलं. चटया.
तोच, गोडसर, घशाला चिकटणारा.

सांगायला लाज वाटते.
मी खिडकीशी गेले, गज धरले,
आणि पोटभर श्वास घेतला.