फ्लोट

एक नळ टाकी सहा तासांत भरतो,
दुसरा भरलेली टाकी आठ तासांत रिकामी करतो.
दोन्ही एकदम सोडले तर?
रुवीतल्या खोलीत, रात्री सव्वाबाराला,
खालच्या पलंगावर पाय पोटाशी घेऊन
मी हे गणित चौथ्यांदा वाचतो
आणि चौथ्यांदा मला नुसते नळ दिसतात.

दिवसभर काचेआड बसून दुसऱ्यांचे पैसे घरी पाठवतो.
कोळिकोड, सिल्हेट, पेशावर, मिरज.
रियालला तीन दशांश असतात हे इथे आल्यावर कळलं,
आता स्वप्नातही शून्यं तिघा-तिघांनी येतात.
रात्री स्वतःला घरी पाठवायची तयारी:
देवरुखची एखादी शाखा,
काचेच्या याच बाजूला, पण डोक्यावर पंखा,
आणि समोर पासबुक भरून द्या हो म्हणणारं
ओळखीचं कुणी.

तिकडचं घड्याळ दीड तास पुढे.
मी पहाटे साडेचारला सराव परीक्षा उघडतो
तेव्हा तिकडे सहा वाजून गेलेले,
कराडची कुणी ऋजुता एकशे चौदावी आलेली,
मी नऊ हजारांत कुठेतरी.
सप्टेंबरात तीस पुरी होतील.
मग फॉर्म मला विचारणारही नाही.

मंगळवारी आकडे पाण्यात पडल्यासारखे हलायला लागले.
नोआखालीच्या म्हाताऱ्या शिंप्याला
एक रियाल परत द्यायचा, मी वीसची नोट दिली.
तो दारातून वळला,
नोट काचेखालून सरकवली,
म्हणाला, ‘बाबू, सो जाओ.’
एवढंच. मागच्या माणसाने फॉर्म पुढे केला.

जूनपासून इथे कायदा आहे:
साडेबारा ते साडेतीन उन्हात काम नको.
समोरच्या इमारतीवरचे गवंडी
सावलीत पुठ्ठे अंथरून आडवे होतात.
मी एसीत. माझ्या उन्हाला कायदा नाही.

शुक्रवारी यासीनभाई खोतांनी
पुस्तक माझ्या हातातून काढून उशीखाली सारलं.
‘चल म्यानेजर, पाना धरायला माणूस पायजे.’
गच्चीवर डिश अँटेनांची गर्दी,
पलीकडे करपलेल्या भाकरीसारखे डोंगर,
आणि टाकी वाहत होती.
किती दिवस कोण जाणे.
ओघळावर तीन साळुंक्या अंघोळ करत होत्या,
त्यांचं बरं चाललं होतं.

पाना धरता धरता मी गणित सांगितलं.
काहीतरी बोलायचं म्हणून.
यासीनभाईंचा हात खांद्यापर्यंत टाकीत.
‘किती लिटरची?’
‘दिलेलं नाही.’
‘फ्लोट?’
‘फ्लोट नसतो गणितात.’
‘मग टाकी बसवणारा येडा.
भरली की पाणी थांबवणार कोण, तुझा सासरा?’

जुना फ्लोट बाहेर आला: चिरलेला, आत पाणी भरलेलं.
तरंगायचं सोडून तळाशी बसला होता,
आणि नळाला वाटत होतं अजून टाकी रिकामीच आहे.
मी तो हातात घेऊन बराच वेळ उभा राहिलो.
यासीनभाई म्हणाले, ‘टाक तो, दुसरा शंभर बैशांत मिळतो.’
खोटं. मला पाचशे पडले.

संध्याकाळी मत्रहला जाऊन बसलो, गळ त्यांचा.
मासा लागला नाही. मोबाइल खोलीवर राहिला होता,
म्हणजे ठेवला होता.
ऋजुता त्या दिवशी कितवी आली माहीत नाही.

आता साडेदहाला पुस्तक मिटतो.
दोन रात्री जमलं, तिसऱ्या रात्री दोन वाजले,
यासीनभाईंनी वरून चप्पल टाकली.
पडल्या पडल्या गच्चीवरचं ऐकू येतं:
पाणी चढतं, चढतं,
मग एक बारीक टक्.

आणि ते गणित काल न बघता सुटलं, दात घासताना.
उत्तर चोवीस तास.
पर्यायांत होतं. झोप धरून की सोडून,
ते मात्र लिहिलेलं नव्हतं.