पान सत्तेचाळीस

अंबादास गज्जम.
एक अँप, दोन माइक, एक स्टँड (मोडका).
तारीख नाही. कॉलेजच्या गॅदरिंगचा दिवस, एवढं ध्यानात आहे.
अनामत म्हणून आईचं विडीकार्ड काढून ठेवलं त्यानं गल्ल्यावर.
त्यावर तिचा फोटो, तिचा दवाखाना, तिचं म्हातारपण.
मी परत दिलं. म्हणालो, जा, वायर तेवढी गुंडाळून आण.

कुणी गझल म्हणलं, कुणी लावणी,
मग हा आला, डोळे मिटून,
आणि हजार विड्या वळणाऱ्या बोटांवर गायला लागला.
घरात तेलुगू, गाण्यात मराठी, गिटार कर्कश,
मागनं कोण तर ओरडलं, काय करलालाय बे हे?
प्राचार्य म्हणाले, दस्तगीर, वायर काढ.
मी काढली नाही.
वायर माझी होती.

पुढच्या नोंदी:
सात रस्ता. ऐंशी खुर्च्या, अकरा माणसं.
बंद पडलेल्या लॉजची गच्ची. पोलीस आले, एक कव्हर फाटलं.
गड्ड्याची जत्रा, मौत का कुवाँच्या शेजारी.
फटफटी भिंतीवर चढली तेव्हा तिसरं कडवं चालू होतं,
त्याचं काय झालं ते सिद्धरामेश्वराला ठाऊक.
भाडं बाकी. भाडं बाकी.
भाडं निम्मं, उरलेल्याची शेंगाचटणी, दोन किलो.

बेसवाला बसवराज बेंगळुरूला लागला.
ड्रमवाल्या इम्तियाजला लग्नाचे सीझन परवडायचे.
हा एकटा उरला, आणि तेवढ्यात मुंबईची कंपनी आली.

त्या सीडीवर तो लेदरच्या जाकिटात आहे.
सोलापूरचा माणूस, जाकिटात!
आत आठ गाणी, सगळी प्रेमाची,
आवाज धुऊन, इस्त्री करून, घडी घालून ठेवलेला.
आमच्याकडची चादर उलटी केली तरी नक्षी तीच,
फक्त रंग जागा बदलतात.
त्याचं गाणं तसं होतं, कुठूनही अंगावर घ्या.
यांनी एकाच बाजूची विणून विकली.
विकली म्हणजे काय, माझ्याकडंच चाळीस पडून आहेत.
एक कपाटाच्या पायाखाली.

तो सकाळच्या गाडीनं परतला, रिकाम्या खोक्यासारखा.
अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात पॅकिंग.
बारा टॉवेल, एक पट्टी, एक स्टिकर.
तीन वर्षं वहीत काहीच नाही. कोरं.
मी दुकानावरनं हात केला की तो पण हात करायचा,
दोघंही घाईत असल्यासारखे.

मग राजव्वा गेली. त्याची आई.
तेरावं झालं आणि दुसऱ्या दिवशी तो दारात.
एक माइक दे. एकच.
कुठला हॉल? म्हणाला, हॉल नाही.

विडी कारखान्याचं आवार. माल द्यायची रांग.
सुपं मांडीवर, बायकांची मान खाली,
तो उभा, काळा टी-शर्ट घामानं पांढरा झालेला.
गॅदरिंगचंच गाणं. तेच.
टाळी कशी वाजणार, हात मोकळे कुठं होते?
वाटलं, हे पण गेलं.
संपल्यावर एक म्हातारी, मान वर न करता, म्हणाली,
मळ्ळी पाडु.

मला तेलुगू येत नाही.
पण चाळीस वर्षं या गावात दुकान आहे,
'परत म्हण' एवढं कळतं.

सहा वेळा म्हणला. सहाव्यांदा बायका पुढचं पुढचं म्हणत होत्या
आणि मुकादम घड्याळाकडं बघत होता.

आता त्याचे केस पिकलेत.
कधी कुर्डुवाडी, कधी पुणे, कधी कुठलं तर मैदान,
पोरं त्याला काका म्हणून स्टेजवर चढवतात.
पैसा येतो म्हणण्याइतका येत नाही.
पॅकिंग अजून सुटलेलं नाही.

परवा सगळी बाकी फेडायला आला.
सहा हजार तीनशे चाळीस, नोटा मोजून, रबर लावून.
मी म्हणालो, ते पान उंदरानं खाल्लं.
कुठला उंदीर? म्हणाला,
वही तुझ्या कोपराखाली आहे.

हसलो दोघं. पैसे त्यानं खिशात घातले,
आणि जाता जाता नवा माइक उचलून नेला,
शनिवारी देतो म्हणाला.

या वेळी मी तारीख टाकलीय.