पाँचेकसाठी रोप

तळघरात माझं दुकान, पाच पायऱ्या खाली.
जानेवारीत ग्दान्स्कला पावणेचारलाच दिवेलागण होते,
पण माझ्या काचांमागे
टायमर लावलेला उन्हाळा रात्री नऊपर्यंत टिकतो.

तेओफिल दारातच थबकतो, चष्म्यावर वाफ.
पुसत नाही. निवळेपर्यंत उभा राहतो.
एकतीस वर्षं गोदीतल्या क्रेनवर काढलेला माणूस,
धुकं आपणहून जातं, हे त्याला ठाऊक.

"परत खाल्लं," तो म्हणतो.
"सगळं?"
"देठ ठेवलेत. मला दाखवायला."

माशाचं नाव पाँचेक,
म्हणजे इथला जॅम भरून तळलेला गोल गोड पाव.
तसाच नारिंगी, तसाच फुगलेला,
मागे शेपटीचा झिरझिरीत घोळ.
नात बर्गनला गेली आई-बापांबरोबर,
पाँचेक आजोबांकडे राहिला, चार दिवसांसाठी.
त्याला आता तिसरं वर्ष.

ऑक्टोबरात कबोंबा नेली, पिसासारखी. तीन दिवस.
मग लाल रोटाला, कॅलेंडरवरच्या चित्रात होती म्हणून.
एक रात्र.
मग लांब पातीचं गवत. ते खाल्लं नाही त्यानं,
नुसतं उपटलं, आणि तरंगत ठेवलं,
भाडं थकलेल्याचं सामान
रस्त्यावर मांडावं तसं.

"मासा बदलू का?" तेओफिल विचारतो,
आणि लगेच दुसरीकडे बघतो,
जणू पाँचेक खिशातून ऐकतोय.

मी म्हणते, रोपं तुम्ही डोळ्यांनी निवडता.
मी माशाच्या तोंडाकडे बघून निवडते.
याला थंड पाणी हवं, वीस अंश,
आणि दिवसभर रेती उकरायला मोकळी जागा.
तेव्हा नाजूक नको, गोड नको, रेतीत रोवायचं नको.
राहिलं काय?

मागच्या टाकीतून अनुबियास काढते.
कातडी पट्ट्यासारखं पान, गडद, जरा खाजरं.
महिन्याला एक पान फुटलं तर फुटलं.
तेओफिलचं तोंड उतरतं. हे तर
सरकारी कचेरीतल्या कुंडीसारखं दिसतं, म्हणतो.
दिसतं खरं.

खाली बोटभर आडवं खोड, आल्याच्या कुड्यासारखं.
हे पुरायचं नाही. पुरलं की कुजतं.
बांधायचं, दगडाला.

तो कोटाच्या खिशातून दगड काढतो,
ब्येझ्नोच्या किनाऱ्यावरचा, काळसर.
बराच काळ जवळ असावा, कडा गुळगुळीत.
मी व्हिनेगरचा थेंब टाकते. फसफसत नाही.
फसफसला असता तरी पाँचेकला चाललं असतं,
पण हात सवयीनं बाटलीकडे जातो.

सुती दोरा मी देते, गाठ मात्र तो मारतो.
चाळीस टन हवेत तोलणारी ती बोटं
पानाच्या देठाजवळ येऊन हळू होतात.
दोन फेरे, एक आडवा, ओढून बघणं,
मग मान वर करून छताकडे एक नजर,
जणू वरून कोणी इशारा द्यायचा आहे.

मार्चच्या शेवटी तो परत येतो. वाफ नाही आता.
"दोरा गळून पडला," तो सांगतो.
"रोप हललं नाही."
आणि पाँचेक?
"एकदा तोंडात धरलं. थुंकलं.
मग माझ्याकडे बघत राहिला, बराच वेळ.
आता त्याच पानाखाली झोपतो.
ब्रोन्का म्हणते, तू पण असाच करायचास, लग्नानंतर."

मी हसते. तो हसत नाही,
काउंटरवर चिल्लर मोजतो.
"ते तरंगणारं द्या, बारीक टिकल्यांचं."
टिकलीवेल? ती तर दुपारपर्यंत फस्त करेल तो.
"म्हणूनच," तेओफिल म्हणतो.
"घरात खायला पण काहीतरी हवं ना त्याला."

पिशवी कोटाच्या आत, छातीशी धरून
तो पाच पायऱ्या चढतो.
चौथीवर थांबतो, पिशवी उजेडात धरून बघतो,
मग पुन्हा आत घालतो.